हिमाचल-उत्तराखंडात कुत्र्याला घेऊन कॅम्पिंग: कॅम्पसाइट निवडायची कशी

बुकिंग साइटवर 'पेट फ्रेंडली'चा फिल्टर लावला की मनाली, कसोल, ऋषिकेश, मुक्तेश्वर, सगळीकडचे ढीगभर कॅम्प समोर येतात, आणि बरेच जण तिथेच थांबतात, फोटो बघतात, रेट बघतात, पैसे भरून मोकळे होतात. पण त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की कुत्रा आणलात तर मालक नाही म्हणणार नाही. तिथे कुंपण आहे का, रात्री कुत्रा कुठे झोपणार, आजूबाजूला कोणती जनावरं फिरतात, काही झालं तर डॉक्टर किती लांब, यातलं काहीच त्यात कळत नाही.

आणि हिमालयात कुत्र्याच्या बाबतीत खरा प्रश्न दिवसाचा नसतोच, रात्रीचा असतो. दिवसा आपण सोबत असतो, पट्टा हातात असतो, ऊन असतं. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत काय होणार याचा विचार करून जागा निवडली की निम्मी काळजी मिटते. म्हणून खालचं सगळं मी त्याच हिशोबाने लिहितोय. व्ह्यूचा विचार शेवटी करा, व्ह्यू तिथे कुठेही चांगलाच असतो.

आधी नकाशावरून काय काय वगळायचं

पहिलं काम म्हणजे जिथे कुत्रा नेताच येत नाही त्या जागा बाजूला काढणं. नॅशनल पार्क आणि वन्यजीव अभयारण्यात पाळीव कुत्रा नेत नाहीत, हे बहुतेकांना माहीत असतं, पण आपला कॅम्प नेमका कशाला लागून आहे हे कोणी बघत नाही. हिमाचलातल्या तीर्थन व्हॅलीचं उदाहरण घ्या. व्हॅलीतली गावं, होमस्टे, नदीकाठचे कॅम्प हे सगळं पार्कच्या बाहेर आहे, तिथे कुत्रा चालतो. पण गुशैणीच्या पुढे रोलाकडे जाणारा जो फेमस ट्रेल आहे तो ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कात शिरतो, जे २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिथे कुत्र्याला घेऊन जाता येत नाही. मग होतं काय, की कॅम्प पेट फ्रेंडली पण ज्या ट्रेकसाठी आलात तोच बंद, आणि कोणीतरी एकाने कुत्र्यासोबत मागे थांबायचं.

तसंच उत्तराखंडातलं तुंगनाथ. त्याच्या पायथ्याच्या चोपत्याच्या आसपास भरपूर कॅम्प आहेत, पण तुंगनाथचा रस्ता केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात येतो आणि वर देऊळ आहे. २०२२ मध्ये केदारनाथला एक जण हस्की घेऊन गेला तेव्हा मंदिर समितीने थेट पोलिसात तक्रार केली होती, तेव्हा तीर्थाच्या ठिकाणी कुत्रा नेण्याचा विचार सोडलेलाच बरा. बिनसर, चंद्रताल, फुलों की घाटी, हे पण याच लिस्टमध्ये.

बुग्याळांचं वेगळंच आहे. तिथल्या त्या मोठ्या हिरव्यागार कुरणांवर रात्री मुक्काम करायला उत्तराखंड हायकोर्टाने २०१८ मध्ये मनाई केली. तरीही कोणी तुम्हाला "बुग्याळावर टेंट लावून देतो, डॉग पण चालेल" म्हणत असेल तर सरळ नाही म्हणा. नियमाचा भाग तर आहेच, पण ती कुरणं मेंढपाळांची आहेत आणि मेंढपाळांचे कुत्रे हा विषय पुढे येतोय.

मग उरतं काय? भरपूर उरतं. हिमाचलात जिभी-शोजाचा पट्टा, बीर, तीर्थनची खालची गावं. उत्तराखंडात कानाताल, कौसानी, मुक्तेश्वर. एक गंमत म्हणजे मुक्तेश्वरला जी मोठी सरकारी पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे, म्हणजे आयव्हीआरआय, तिची सुरुवात १८८९ मध्ये आपल्या पुण्यात झाली होती आणि १८९३ मध्ये ती तिकडे हलवली. अर्थात संस्था आहे म्हणून तिथे आपल्या कुत्र्याची ओपीडी असेलच असं धरून चालू नका, ती चौकशी वेगळी करायची.

उंची आणि महिना एकत्र ठरवा

कुत्र्यालाही उंची लागते. धाप, उलटी, खायला नको, एका जागी पडून राहणं, चालताना तोल जाणं, ही लक्षणं माणसासारखीच, फक्त तो बोलून दाखवत नाही. मैदानातून थेट वर जात असाल तर पहिल्या दोन रात्रींचा कॅम्प दोन-अडीच हजार मीटरच्या आत घ्या. मनाली साधारण २,०५० मीटर आहे, तिथपर्यंत तब्येतीने ठीक असलेल्या कुत्र्याला सहसा त्रास होत नाही. जलोरी पास ३,१२० मीटर, तिथे दिवसा जाऊन खाली परत झोपायला या. स्पितीतलं काझा साडेतीन हजारांच्या वर आणि चंद्रताल ४,२०० च्याही वर, तिथे पहिल्याच फेरीत कुत्र्याला नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. वर जायचंच असेल तर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. पग, बुलडॉग, शित्झू असे चपट्या नाकाचे कुत्रे असतील, किंवा म्हातारा, हार्टचा त्रास असलेला कुत्रा असेल, तर व्हेटने हो म्हटल्याशिवाय दोन हजारांच्या वरचा प्लॅनच नको.

महिन्याचं म्हणाल तर जुलै-ऑगस्ट पूर्ण टाळा. दरडी, पूर, जळवा, आणि गाडीत तासन् तास अडकलेला कुत्रा. मे-जूनमध्ये गर्दी आणि वणवे. उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा सीझन धरतात, आणि चीडच्या, म्हणजे तिकडच्या पाइनच्या, जंगलात जमिनीवर वाळक्या सुयांचा थर असतो जो काडी पडायचा अवकाश की पेटतो, तेव्हा त्या महिन्यांत चीडच्या मधोमध असलेला कॅम्प मी घेणार नाही. एप्रिल चांगला. सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला, हवा कोरडी, गर्दी कमी. फक्त तेव्हा दोन गोष्टी असतात, एक म्हणजे वाळलेल्या गवताची कुसळं, जी कानात आणि पायाच्या बोटांमध्ये शिरतात, आणि दुसरी रात्रीची थंडी. बारीक केसांच्या किंवा लहान कुत्र्याला सात-आठ डिग्रीलाच हुडहुडी भरते, आणि अडीच हजार मीटरवर ऑक्टोबरच्या शेवटी रात्री पारा त्याच्या बराच खाली जातो.

बिबट्याबद्दल नीट विचारा

हा भाग लोक हसण्यावारी नेतात म्हणून इथे जरा थांबतो. या सगळ्या पट्ट्यात बिबट्या आहे. गावाच्या कडेला, बागांमध्ये, रस्त्याच्या वळणावर. आणि कुत्रा हे त्याचं आवडतं खाणं आहे, आपल्या अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात तर बिबट्याच्या खाण्यातला सगळ्यात मोठा वाटा, वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के, पाळीव-भटक्या कुत्र्यांचाच निघाला होता. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात ते शोभेसाठी नाही, बिबट्या मान पकडतो म्हणून. म्हणजे त्या एवढ्या थोराड, भांडखोर कुत्र्यांना पण भीती आहे, मग आपल्या सोफ्यावर झोपणाऱ्या लॅब्राडॉरचं काय घेऊन बसलात.

तेव्हा फोनवर मालकाला विचारा, आणि आडून विचारा. "सेफ आहे ना?" विचारलं की "बिलकुल सेफ है सर" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा असं विचारा: "आपके यहाँ के कुत्ते रात को कहाँ सोते हैं?" जर उत्तर आलं की आत घेतो, किचनमध्ये बंद करतो, तर समजा बिबट्या येतो पण माणूस खरं बोलतोय आणि काळजी घेतोय, अशा ठिकाणी जायला हरकत नाही. "पहले दो थे, अब एक ही है" असं काही ऐकू आलं तर पुढचा कॅम्प शोधा. आणखी एक, तिकडे गावात बिबट्याला गुलदार किंवा नुसतं बाघ पण म्हणतात, तेव्हा तोच शब्द वापरून विचारलंत तर गोंधळ होत नाही.

यावरून जे नियम निघतात ते पाळाच. कुत्रा रात्री तुमच्या सोबत, तुमच्या तंबूत किंवा खोलीत. बाहेर बांधायचा नाही, व्हरांड्यात नाही, गाडीत एकटा नाही. "डॉग बाहर रहेगा" अशी पॉलिसी असलेला कॅम्प कितीही सुंदर असो, तो तुमच्यासाठी नाही. अंधार पडल्यावर आणि उजाडायच्या आधी सू-शी साठी नेताना पट्टा आखूड, टॉर्च मोठा, दोन माणसं, आणि लाइट असलेल्या भागातच. म्हणून टॉयलेट आणि मोकळी जागा तंबूपासून किती लांब आहे, रात्रभर दिवे चालू असतात का, हे पण विचारायचं.

अस्वलांचं थोडक्यात: पावसाळ्यानंतर मका आणि फळं तयार होतात तेव्हा काळी अस्वलं शेतात उतरतात. मोकळा सोडलेला कुत्रा भुंकत अस्वलाच्या अंगावर जातो आणि मग घाबरून मालकाकडेच पळत येतो, मागे अस्वल. पट्टा सोडू नका, एवढंच.

तंबू कुठला, भिंती कसल्या

कॅम्पवाल्यांकडे साधारण तीन प्रकार असतात. डोम टेंट, म्हणजे तो छोटा गोल, चेनवाला. स्विस टेंट, मोठा, आत पलंग आणि बहुतेक ठिकाणी मागे बाथरूम. आणि लाकडी ए-फ्रेम किंवा कॉटेज. कुत्रा सोबत असेल तर माझी पसंती उलट्या क्रमाने, आधी लाकडी, मग स्विस, आणि डोम फक्त तेव्हाच जेव्हा कॅम्पला पूर्ण कुंपण आहे आणि कुत्र्याला तंबूत झोपायची सवय आहे. डोमच्या कापडाला कुत्र्याच्या नखांनी मिनिटात भोक पडतं, आणि बाहेर कोल्हा ओरडला की तो चेनला धडका मारतो. घरी गच्चीवर किंवा हॉलमध्ये तंबू लावून काही रात्री झोपवून बघा, तिथे नाही झोपला तर वर जाऊन पण झोपणार नाही.

स्विस टेंटमध्ये खाली कडेने कापड जमिनीला नीट दाबलेलं आहे का हा एक छोटा पण महत्त्वाचा मुद्दा. बऱ्याच ठिकाणी वीतभर फट असते. बीगल, डॅशंड, इंडी म्हणजे आपली देशी पिल्लं तिथून सहज बाहेर. मालकाला त्या खालच्या कडेचाच फोटो पाठवायला सांगा.

आणि थंडी आहे म्हणून कोणी कोळशाची अंगीठी तंबूत ठेवून देतो म्हणाला तर कितीही कुडकुडत असाल तरी नको म्हणा, बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, वास येत नाही, आणि झोपेतच जीव जातो, माणसांचाही आणि कुत्र्याचाही. जाड मॅट, कुत्र्याचं स्वतःचं ब्लँकेट, अंगात जॅकेट, एवढ्यावर भागतं. जमिनीतून येणारी थंडी जास्त असते म्हणून खालचा थर वरच्यापेक्षा जाड ठेवा.

नदीकाठ, बाग, शेत, बाकीचे कुत्रे

नदीकाठचे कॅम्प फोटोत सगळ्यात भारी दिसतात आणि कुत्र्यासाठी मला सगळ्यात कमी आवडतात. बियास, पार्वती, तीर्थन, गंगा, कुठलीही घ्या, पाणी बर्फाचं आणि ओढ प्रचंड, लॅब्राडॉर किंवा गोल्डन पाणी दिसलं की विचार करत नाही, उडी टाकतो. शिवाय वर कुठेतरी ढगफुटी झाली की खाली काही मिनिटं पण मिळत नाहीत. जुलै २०२२ मध्ये मणिकरणजवळ चोज गावात असंच पाणी आलं आणि कॅम्पसाइट वाहून गेली, माणसं बेपत्ता झाली. नदीपासून उंचावर, पायऱ्यांच्या शेतात किंवा डोंगराच्या धारेखालच्या उतारावर असलेला कॅम्प घ्या, नदी बघायला खाली जाता येतं.

झऱ्याच्या पाण्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हिमालयाच्या पायथ्याच्या आणि मधल्या पट्ट्यात नाकात शिरणारी जळू असते. कुत्रा साचलेलं, शेवाळलेलं पाणी प्यायला की बारीक जळू नाकपुडीत जाते आणि आत वाढत राहते. ओळखीतल्या एका बीगलला हे झालं होतं. आधी नुसत्या शिंका, मग एकाच नाकपुडीतून रक्ताची पातळ रेघ, सर्दी म्हणून दिवस गेले, आणि मग एका दुपारी तो भांड्यात तोंड घालून पाणी पीत असताना नाकातून काळपट-तपकिरी, ओलसर टोक बाहेर डोकावलं आणि लगेच आत गेलं. व्हेटने भांडं तसंच नाकासमोर धरून ठेवलं, ती पाण्याच्या ओढीने परत बाहेर आली तेव्हा चिमट्याने पकडली. तेव्हा कुत्र्याला पाणी फक्त स्वतःच्या बाटलीतलं किंवा कॅम्पचं फिल्टरचं, आणि ट्रिपनंतर शिंका थांबत नसतील तर डॉक्टरांना जळूची शंका आपणहून सांगा, मैदानातल्या डॉक्टरांच्या डोक्यात ती पटकन येत नाही.

सफरचंदाच्या बागेतला कॅम्प असेल तर फवारणी कधी झाली ते विचारा. वसंतापासून फळ काढेपर्यंत बागांवर औषधं मारत असतात, ती खालच्या गवतावर पडतात, कुत्रा गवत खातो, पाय चाटतो. शेताच्या कडेला रानडुकरासाठी तारेचे फास लावलेले असू शकतात, हेही विचारा, मालक सांगतात. आणि बिच्छू घास, म्हणजे अंगाला लागली की आग होणारी वनस्पती, ओळखून ठेवा, रस्त्याच्या कडेला सगळीकडे असते, नाक किंवा पोटाची कातडी लागली की कुत्रा केकाटत गोल फिरतो.

कॅम्पवर त्यांचे स्वतःचे कुत्रे किती, नर किती, लसी दिल्यात का, हे विचारायला लाजू नका. दोन गोड पिल्लं असतील तर ती पण धोक्याचीच, पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे जीवघेणे संसर्ग तिथूनच येतात. मेंढपाळांचे कुत्रे तर वेगळीच गोष्ट आहे, कळपाजवळ आलेल्या परक्या कुत्र्याला ते सरळ मारायला धावतात, ते त्यांचं कामच आहे. कळप दिसला की थांबा, पट्टा आखूड करा, मेंढपाळाला हाक मारा आणि तो सांगेल तेव्हाच पुढे व्हा. वसंतात कळप वर जातात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतात, तेव्हा रस्त्यावर पण भेटतात.

गावातल्या देवळांचं भान ठेवा. मलाण्यासारख्या गावात बाहेरच्या माणसाने देवळाला हात लावायचा नाही असा नियम आहे, मग कुत्रा आवारात शिरला तर काय होईल याची कल्पना करा. कुल्लूकडे बऱ्याच गावांत देवतेच्या जागा असतात ज्या आपल्याला साध्या दगड-झाडासारख्या दिसतात. कॅम्पवाल्याला पहिल्याच दिवशी विचारून घ्या की कुठे न्यायचं नाही.

फोन आणि व्हॉट्सअॅप

हे सगळं विचारायचं कसं, तर आधी रिव्ह्यू नवीन आधी लावून त्यात डॉग, कुत्ता, डीजे, लेपर्ड हे शब्द सर्च करा, मग फोन. फोनवर कुत्र्याची जात, वजन, वय आणि संख्या आधीच सांगा, कारण बऱ्याच ठिकाणी पेट फ्रेंडली म्हणजे मांडीवर बसणारा छोटा कुत्रा असतो आणि जर्मन शेफर्ड उतरला की चेहरे बदलतात. पेट चार्ज रात्रीचा की एकदाच, डिपॉझिट परत मिळतं का, डायनिंगमध्ये कुत्रा चालतो का, त्या तारखांना कॉलेजचा किंवा ऑफिसचा मोठा ग्रुप आहे का. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण बोनफायर, स्पीकर आणि फटाके एकत्र आले की कुत्रा रात्रभर थरथरत बसतो, आणि पळून गेलेले बरेचसे कुत्रे आवाजाला घाबरूनच पळालेले असतात. शक्यतो सोमवार ते गुरुवार घ्या, दिवाळी आणि थर्टी फर्स्ट सोडूनच द्या.

मग व्हिडिओ कॉल करून गेटपासून कुंपणाच्या कडेकडेने एक चक्कर मारायला सांगा. जो मालक हसत हसत पाच मिनिटं फिरवतो तो चांगला. जो "आप आ जाओ, सब हो जाएगा" म्हणतो त्याच्याकडे ॲडव्हान्स पाठवू नका. ठरलेलं सगळं, म्हणजे कुत्रा आत झोपणार, चार्ज किती, तंबू कोणता, व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, कारण फोन उचलणारा आणि तिथे भेटणारा माणूस वेगळा असू शकतो.

गाडी थेट कॅम्पपर्यंत जाते का हेही त्यातच विचारा. "बस थोडा सा पैदल है" म्हणजे कधीकधी अर्धा तास चढ असतो, आणि पाय कापलेला तीस किलोचा कुत्रा रात्री त्या वाटेने खाली आणायचा आहे असं समजून ठरवा.

डॉक्टर आणि औषधं

बुक करण्याआधी सगळ्यात जवळचा कुत्र्यांचा व्हेट शोधून त्याला प्रत्यक्ष फोन लावा. छोट्या गावातले सरकारी पशु दवाखाने गाई-म्हशी-मेंढ्यांसाठी असतात, माणूस चांगला असतो पण कुत्र्याचं औषध किंवा एक्स-रे नसतो. हिमाचलात पालमपूरला कृषी विद्यापीठाचं पशुवैद्यकीय कॉलेज आहे, उत्तराखंडात खाली पंतनगरला आहे, गंभीर काही झालं तर अशा मोठ्या ठिकाणी किंवा चंदीगड, देहरादूनला जावं लागतं. कॅम्पपासून व्हेट दोन तासांच्या आत असावा असा मी नियम ठेवतो, आणि डोंगरातले चाळीस किलोमीटर म्हणजे दोन तास होऊ शकतात हे लक्षात घेऊन.

रेबीज, डिस्टेंपर-पार्व्होची लस आणि लेप्टो निदान महिनाभर आधी झालेली असावी, कार्डाचा फोटो फोनमध्ये आणि मूळ कार्ड सोबत. गोचीडाची गोळी किंवा कॉलर निघायच्या आधी. माकड किंवा कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर. आपली क्रोसिन, ब्रुफेन कुत्र्याला द्यायची नाही, त्याला ती विषारी ठरतात. घाटात उलट्या होतात म्हणून निघायच्या आधीच्या चार-पाच तासांत पोटभर खायला घालू नका आणि गोळी व्हेटकडून घ्या.

पोचल्यावर आणि परत आल्यावर

उजेड असताना पोचा, म्हणजे दुपारी तीन-चारपर्यंत. सामान उतरवायच्या आधी कुत्र्याला पट्ट्यावर घेऊन पूर्ण कडेने चालत जा. कुंपणातली भोकं, कचऱ्याचा ढीग, फुटलेल्या बाटल्या, बार्बेक्यूच्या जागेची हाडं बघा. ती चिकनची शिजलेली हाडं टोकदार तुटतात आणि घशात-पोटात अडकतात, बोनफायरभोवती लोकं ती तशीच टाकून जातात, सकाळी तंबूतून कुत्रा बाहेर आला की पहिलं तिथेच धावतो. काही खटकलं तर उरलेले पैसे द्यायच्या आधीच बोला, बंद खोली मागा, नाहीतर दुसरीकडे जा, म्हणूनच जवळच्या एका होमस्टेचा नंबर आधीच घेऊन ठेवायचा. गळ्यात नाव-नंबरचा बिल्ला असू द्या, नंबर अशा सिमचा जे तिथे चालतं.

शी पिशवीत उचला आणि पिशवी झाडीत न फेकता खाली घेऊन या, तिथल्या झऱ्यांचंच पाणी खालचं गाव पितं. रोज संध्याकाळी कान, बगल, बोटांमधली जागा, शेपटीखाली बोटं फिरवून गोचीड आणि कुसळं बघा. घरी आल्यावर पुढचे तीन आठवडे ताप, सुस्ती, खाणं कमी होणं, हिरड्या फिक्या पडणं यावर नजर ठेवा, गोचीड ताप तेवढ्या उशिराही वर येतो. असं काही दिसलं तर त्याच दिवशी व्हेटकडे न्या, डोंगरात कुठे आणि कधी होतात ते सांगा आणि ब्लड टेस्ट करून घ्या.